शरीरातील जिनिंग



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आले, तेव्हा मी कामगार कायद्यांवर किंवा हमाल-मापाड्यांच्या प्रश्नांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती, आणि ती वाजवीच होती. तीस वर्षे मी दुसरे काही बोललेलो नाही. मी उलट कळविले की, यंदा मला शरीरातील एका विकराविषयी बोलू द्या. विकर म्हणजे ज्याला डॉक्टर लोक एन्झाइम म्हणतात ते. चालक जरा बिचकले. एकाने स्पष्टच विचारले, "तुमचा आणि रसायनशास्त्राचा संबंध काय?" संबंध काही नाही. माझे शिक्षण नववीत थांबले. वडील जिनिंगमध्ये होते, तसा मीही जिनिंगमध्ये गेलो. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात बसून, विश्वकोशाचे खंड चाळून, आणि ओळखीच्या डॉक्टरांना त्यांचा दवाखाना रिकामा असेल अशा वेळी गाठून. तेव्हा माझ्या बोलण्याला शास्त्रज्ञाचा अधिकार नाही. जे मला कळले ते ज्या क्रमाने कळले, त्याच क्रमाने आपल्यापुढे ठेवतो.

हा विषय माझ्याकडे आला तो एका डिस्चार्ज कार्डावरून. गोदाकाठच्या एका गावातील ऊसतोड करणारी एक बाई नवऱ्याबरोबर आमच्या कचेरीत आली होती. तक्रार उचलीच्या हिशेबाची होती. आपल्यापैकी ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो: ऊसतोडीत नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात, मुकादम हंगामापूर्वी त्या कोयत्याला उचल देतो, आणि ती अंगावरच्या कामातून फेडायची असते. एक दिवस काम चुकले तर तो 'खाडा', आणि खाड्याचे पैसे कापले जातात. बाईचे मनगट फडात घसरून मोडले होते. ते नीट बसले नव्हते आणि मोळी उचलवत नव्हती. ती म्हणाली, "भाऊ, पिशवी काढली तवापासून अंगात काही राहिलंच नाही. कंबर धरती. आता मुकादम आमाला अर्धा कोयता धरतो." वय विचारले तर पस्तीसच्या आसपास. पिशवी काढली तेव्हा ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असावी.

हिशेबाच्या कागदांत तिचे डिस्चार्ज कार्डही होते. ते इंग्रजीत होते आणि त्यावर ऑपरेशनच्या नावापुढे तीन अक्षरे होती: बी. एस. ओ. मी ती एका डॉक्टर मित्राला दाखविली. तो म्हणाला, "याचा अर्थ गर्भाशयाबरोबर दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयही काढले." बाईला हे ठाऊक नव्हते. तिच्या लेखी 'पिशवी' गेली होती, म्हणजे पाळी येण्याची जागा गेली होती, आणि मुले झालेली असल्यामुळे त्या जागेचा आता उपयोग उरला नव्हता. मी मित्राला विचारले, अंडाशयाचा आणि मनगटाच्या हाडाचा काय संबंध? त्याने सांगितले की, एकट्या या बाईचे हाड त्याच कारणाने मोडले असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण संबंध मात्र पक्का आहे. मग त्याने एक नाव घेतले, जे मी जन्मात ऐकले नव्हते: अ‍ॅरोमाटेज.

ते नाव क्षणभर बाजूला ठेवू आणि आपल्या सर्वांना परिचित अशा एका प्राण्याकडे वळू. पोळ्याच्या दिवशी वेशीत उभे राहून बैल पाहिले नाहीत असा माणूस परभणी जिल्ह्यात विरळा. लाल कंधारी आणि देवणी या आपल्या भागातल्या नामांकित जाती. आता त्याच जातीचा एक वळू आणि एक बैल शेजारी उभे करून पाहा. वळूची मान जाड, वशिंड मोठे, खांदा रुंद. पण उंचीला, विशेषतः पायांच्या लांबीला, लहानपणी खच्ची केलेला बैल त्याच्या पुढे जातो. जुने शेतकरी हे जाणून होते. गोऱ्हा फार लवकर बडवला तर तो लांब पायांचा पण मानेने बारीक निघतो, म्हणून मान आणि वशिंड भरू द्यावे आणि मगच बडवावा, असे ते सांगत. पुढे चिमटा आला आणि बडवण्याचे हाल कमी झाले. अनुभव मात्र तोच राहिला.

यात एक कोडे आहे. जोम आणि वाढ देणारे द्रव्य वृषणात तयार होते असे आपण मानतो. मग ज्याचे वृषण निकामी केले तो प्राणी उंच का व्हावा? याचे उत्तर हाडांच्या टोकांशी आहे. लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक चकती असते, आणि वाढ होते ती तिथे. वयात येण्याच्या सुमारास ही चकती हळूहळू हाडात रूपांतरित होऊन मिटते. मिटली की उंची थांबली. खच्ची केलेल्या जनावरात ही चकती उशिरा मिटते, म्हणून पाय वाढतच राहतात. बरीच वर्षे शास्त्रज्ञांचा समज असा होता की चकती मिटवण्याचे काम टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषद्रव्य, स्वतःच करते. तो समज विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मोडला. १९९५ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एका चोवीस वर्षांच्या तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याची उंची २०४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे सहा फूट आठ इंच होती, आणि तो अजून वाढत होता. त्याची हाडे वयाच्या मानाने अपक्व आणि ठिसूळ होती. पुरुषद्रव्याची त्याच्या शरीरात वाण नव्हती, उलट ते भरपूर होते. वाण होती ती इस्ट्रोजेनची, म्हणजे ज्याला आपण स्त्रीद्रव्य म्हणतो त्याची. अशा पुरुषांना पुढे ते द्रव्य औषधरूपाने दिले, तेव्हा चकत्या मिटल्या आणि हाडे भरू लागली. त्यांच्यापैकी एकाला नुसते टेस्टोस्टेरॉन देऊन पाहिले होते, त्याने काही झाले नव्हते.

म्हणजे पुरुषाची उंची थांबवणारे आणि त्याची हाडे राखणारे द्रव्य हे स्त्रीद्रव्य निघाले. एवढेच नाही, म्हाताऱ्या पुरुषाच्या रक्तात हे द्रव्य सामान्यतः त्याच्या म्हाताऱ्या बायकोच्या रक्तापेक्षा अधिक असते. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा दोनदा वाचले. आमच्या कचेरीत सांगितले तर हमाल मंडळी हसली, आणि एका वडीलधाऱ्याने मिशीवरून हात फिरवून माझ्याकडे संशयाने पाहिले.

पुरुषाच्या अंगात हे द्रव्य येते कोठून? याचा पहिला धागा एका घोड्याने दिला. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत आपण घोडे पाहिले असतील. तेथे उमदा, उधळणारा नर घोडा म्हणजे पुरुषत्वाचा पुतळा असे कोणीही म्हणेल. बर्नहार्ट झोंडेक नावाचा एक ज्यू डॉक्टर होता. हिटलरची राजवट आल्यावर १९३३ साली त्याला बर्लिनमधील रुग्णालयातून काढून टाकले, आणि तो देशोधडीला लागला. पुढच्याच वर्षी त्याने प्रसिद्ध केले की, नर घोड्याच्या मूत्रात स्त्रीद्रव्य प्रचंड प्रमाणात असते, आणि त्याच्या वृषणातही ते भरलेले असते. खच्ची केलेल्या घोड्यात ते तसे मिळत नाही. त्या वेळी ही गोष्ट विसंगत, जवळजवळ विनोदी वाटली. परंतु तीत सगळे रहस्य होते: स्त्रीद्रव्य जर वृषणाबरोबर येते आणि वृषणाबरोबर जाते, तर ते पुरुषद्रव्यापासूनच बनत असले पाहिजे.

आणि तसेच आहे. ज्यांना नर आणि मादी यांची दोन विरुद्ध द्रव्ये म्हणतात, ती एकाच ताग्यातली दोन कापडे आहेत. तागा कोलेस्टेरॉलचा. होय, ज्याच्या नावाने डॉक्टर आपल्याला तूप सोडायला लावतात तेच. कोलेस्टेरॉलच्या रेणूत कार्बनचे २७ अणू असतात. शरीर त्यातून पहिल्यांदा काही काढून २१ अणूंचे द्रव्य करते. त्यातून आणखी दोन काढून १९ अणूंचे पुरुषद्रव्य होते. आणि १९ तून एक काढला की १८ अणूंचे स्त्रीद्रव्य. क्रम असा उतरता आहे. प्रत्येक इस्ट्रोजेनचा रेणू घटकाभर आधी पुरुषद्रव्य होता, मग तो आपल्या अंगात असो की आपल्या आईच्या. हा शेवटचा एक अणू काढणारे जे विकर, ते अ‍ॅरोमाटेज.

हे काम कसे चालते ते समजायला मला पुस्तकांपेक्षा जिनिंगचा अनुभव उपयोगी पडला. मानवत, सेलू, परभणी येथील मंडळींना सांगायला नको, पण तरुण पिढीसाठी सांगतो. शेतातून येतो तो कापूस, म्हणजे सरकीसह. जिनमध्ये सरकी अडवली जाते आणि रुई पलीकडे ओढली जाते. मग प्रेसमध्ये तिची गाठ बांधतात. जिन स्वतः झिजते, पण कापसाबरोबर खपत नाही. एक बोंड गेले की दुसरे घेते. विकरही तसेच असते. अ‍ॅरोमाटेज हे ५०३ दुव्यांची एक प्रथिनांची साखळी आहे, आणि तिच्या पोटात लोहाचा एक अणू बसवलेला आहे, आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या हीमच्या चौकटीतच. पुरुषद्रव्याचा रेणू त्या खाचेत बरोबर बसतो. मग लोहाच्या मदतीने तीन वेळा प्राणवायू वापरला जातो आणि ठरावीक जागेचा एक कार्बन अणू सुटतो. तो सुटतो तो फॉर्मिक आम्लाच्या रूपाने. हे आम्ल पहिल्यांदा मुंग्यांपासून काढले गेले, आणि मुंगी चावल्यावर होणाऱ्या आगीत त्याचा वाटा असतो. कार्बन गेला की रेणूचे एक कडे चपटे आणि घट्ट होते. अशा कड्याला रसायनशास्त्रात 'अ‍ॅरोमॅटिक' म्हणतात, त्यावरून विकराचे नाव पडले. सुगंधाशी इथे काही संबंध नाही. रुईचा जसा पुन्हा कापूस होत नाही, तसे या स्त्रीद्रव्याचे पुन्हा पुरुषद्रव्य होत नाही. रस्ता एकेरी आहे.

केनेथ रायन यांनी १९५९ साली हे काम मानवी वारेत, म्हणजे बाळंतपणात नंतर पडणाऱ्या त्या भागात, चालते हे स्पष्टपणे दाखविले. पुढे पन्नास वर्षांनी, २००९ साली, अमेरिकेतील बफेलो येथे देबाशिष घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारेतूनच काढलेल्या या विकराच्या खाचेचा नेमका आकार प्रसिद्ध केला. आपल्याकडे वार पुरतात, आणि त्या मातीआड काय जाते याची कोणाला कल्पना नसते. पोटातल्या बाळाच्या अंगात तयार होणारे पुरुषद्रव्य वारेतील हे विकर सारखे बदलत असते. ते नसेल तर आईच्या आवाजात आणि अंगावरच्या केसांत फरक पडतो. असे रोगी फार थोडे आहेत, पण ते सापडले आहेत. मेंदूतही हे विकर आहे, त्या विषयात मी शिरत नाही, तो मला अजून नीट समजलेला नाही.

आता अंडाशयाकडे येतो, कारण त्या बाईच्या कार्डावरची तीन अक्षरे तिथलीच आहेत. अंडाशयात बीजाभोवती पेशींचे दोन थर असतात. बाहेरच्या थरातील पेशी कोलेस्टेरॉलपासून पुरुषद्रव्य बनवतात, पण त्यांना त्याचे स्त्रीद्रव्य करता येत नाही. आतल्या थराला नेमके उलटे: तिथे अ‍ॅरोमाटेज भरपूर आहे, पण कच्चा माल स्वतःला बनवता येत नाही. म्हणून एक थर माल पुरवतो आणि दुसरा पक्का करतो. दोन्ही थरांना मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून दोन वेगवेगळे निरोप येतात. आमच्या भाषेत सांगायचे तर दोन खाती, दोन मुकादम, आणि एक माल. एका खात्याने संप केला तर दुसरे आपोआप बंद. तरुण बाईच्या रक्तातील बहुतेक इस्ट्रोजेन येथून येते, महिन्याच्या चढउताराप्रमाणे कमीजास्त होत.

स्वाभाविकपणे पाळी जाते तेव्हा, आपल्या देशात सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी, हा कारखाना हळूहळू मंद होतो. पण काम सगळेच थांबत नाही. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी पुरुषद्रव्य बनवीत राहतात, अंडाशयही थोडे बनवतात, आणि आता ते पक्के करण्याचे काम मुख्यतः चरबीत होते. चरबीच्या ऊतकात अ‍ॅरोमाटेज आहे. १९७० च्या दशकात हे अमेरिकेत मोजून सिद्ध झाले. म्हणजे उतारवयात कारखाना बंद होतो आणि घरोघरी हातमाग सुरू होतात. ज्या घरात चरबी जास्त, तिथे माग जास्त. म्हणूनच पाळी गेलेल्या लठ्ठ स्त्रियांत हे द्रव्य प्रमाणाबाहेर होऊन गर्भाशयाच्या अस्तराचा आणि स्तनाचा कॅन्सर अधिक आढळतो. आणि आमची ऊसतोड करणारी बाई? तिच्या अंगावर चरबी असते कोठे? पहाटे चारला उठून दिवसभर मोळ्या वाहणारे शरीर ते. तिचे अंडाशय अठ्ठाविसाव्या वर्षी काढले, म्हणजे कारखाना एका दिवसात बंद, आणि हातमागही मोजकेच.

हाडांचे काय होते ते पाहू. हाड आपल्याला दगडासारखे वाटते, पण ते सारखे पाडले आणि बांधले जात असते. पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. पाडणाऱ्यांना आवरून धरण्याचे काम इस्ट्रोजेन करते. ते एकाएकी गेले की पाडणारी टोळी मोकाट सुटते आणि बांधणारी मागे पडते. पहिली काही वर्षे हाडांची झीज फार वेगाने होते. मनगट, मणके आणि मांडीच्या हाडाची मान या जागा आधी दगा देतात. शिवाय अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, अंग कोरडे पडणे हे आहेच, आणि हृदयाचा धोकाही वाढतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००६ साली दाखविले की, पंचेचाळिसाच्या आत दोन्ही अंडाशय काढलेल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण अधिक होते, विशेषतः ज्यांना नंतर इस्ट्रोजेन दिले गेले नाही त्यांच्यात. ज्यांचे फक्त गर्भाशय काढले आणि अंडाशय ठेवले, त्यांचे इतके वाईट होत नाही. तरीही त्यांच्यातील कित्येकींची अंडाशये काही वर्षे आधी थकतात.

हे सगळे कोणा एका बाईचे दुर्दैव असते तर मी आपला वेळ घेतला नसता. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पिशवी काढण्याच्या बातम्या देशभर गाजल्या. राज्य सरकारने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहांत एक. त्याच्या थोडे आधी, २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत एकच नव्हती हे मी जाणतो. पण सहांत एक आणि शंभरात तीन यांतील अंतर पद्धतीच्या फरकाने भरून निघणारे नाही. आपला जिल्हा बीडला लागून आहे. सोनपेठ, गंगाखेड, पाथरी भागांतून दरवर्षी किती गाड्या फडावर जातात हे आपण दिवाळीनंतर रस्त्यावर उभे राहून मोजू शकता.

बायका ऑपरेशनला का तयार होतात, याची कारणे फडात जाऊन पाहिली की दिसतात. पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही, संडास नाही. त्यातून अंगावर पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे. खाडा झाला तर पैसे कापले जातात. उचल अंगावर आहे. मग कोणीतरी सांगते, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. कोणीतरी कॅन्सरचे भय घालते. ज्या दुखण्याला औषधाचा कोर्स आणि स्वच्छ पाणी पुरले असते, त्याला सुरी लागते. मुकादमाने थेट जबरदस्ती केली असे मला क्वचितच आढळले. जबरदस्ती हिशेबात असते. बीडमध्ये त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी रुग्णालयांनी असे ऑपरेशन करू नये असा नियम झाला. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधील अशाच शस्त्रक्रियांबद्दलच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. कागदावर हे ठीक आहे. कागद फडापर्यंत पोचायला वेळ लागतो, हे आम्ही किमान वेतनाच्या बाबतीत पाहिलेलेच आहे.

आता कोणी म्हणेल, मग काय ऑपरेशने होऊच नयेत? असे मी म्हणत नाही, आणि माझ्या बोलण्याचा तसा अर्थ घेऊन कोणी बाई आवश्यक उपचार टाळील तर ते पाप मला लागेल. गर्भाशयाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर, न थांबणारा रक्तस्राव, काही प्रकारच्या गाठी, यांत सुरीच जीव वाचवते. अंडाशय काढण्याचा इतिहासही याच विकराशी जोडलेला आहे. ग्लासगोचे शल्यवैद्य जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली दाखविले की, अंडाशय काढल्यावर स्तनाच्या बळावलेल्या कॅन्सरच्या गाठी काही स्त्रियांत ओसरतात. का ओसरतात ते त्यांना नीट सांगता आले नव्हते, कारण इस्ट्रोजेन तेव्हा सापडलेलेच नव्हते. ते १९२९ साली अमेरिकेत डॉयझी आणि जर्मनीत बुटेनांट यांनी वेगवेगळे शोधले. कॅन्सरच्या पुष्कळ गाठी या द्रव्यावर पोसल्या जातात हे पुढे कळले.

यातून सुरीवाचूनचा एक मार्ग निघाला, आणि तो काढणाऱ्यांत अँजेला ब्रॉडी या इंग्रज स्त्रीचे नाव अग्रभागी आहे. अमेरिकेत काम करीत असता १९७० च्या दशकात तिने आणि तिचा रसायनशास्त्रज्ञ पती हॅरी ब्रॉडी याने असा एक पदार्थ हुडकला की, जो अ‍ॅरोमाटेजच्या खाचेत जाऊन बसतो आणि तिला अडवतो. जिनमध्ये दगड गेला की जिन थांबते, तसे. औषध कंपन्यांनी सुरुवातीला त्यात रस घेतला नाही. पुढे त्याच तत्त्वावर लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल यांसारख्या गोळ्या आल्या. पाळी गेलेल्या स्त्रीला स्तनाचा इस्ट्रोजेनवर पोसणारा कॅन्सर असेल, तर ऑपरेशननंतर रोज एक अशी गोळी, बहुधा पाच वर्षे, देतात. १९४१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा रुग्णालयातून परतलेल्या आपल्याकडच्या कित्येक बायकांच्या पिशवीत ती असते. तिच्यामुळे सांधे आखडतात, हाडे झिजतात, आणि मग बाया स्वतःच्याच मनाने गोळी बंद करतात. तसे करू नये, डॉक्टरांना सांगावे. हाडांसाठी वेगळे औषध असते. ज्या विकराचे काम एका बाईत अवेळी बंद पडल्यामुळे हाडे गेली, तेच काम दुसरीत मुद्दाम बंद करून तिचा जीव वाचवायचा असतो. कोणत्या बाईत, कोणत्या वयात, कशासाठी, हे तिला समजावून सांगितले पाहिजे, इतकाच माझा आग्रह आहे.

त्या बाईचे पुढे काय झाले, हे आपल्याला विचारावेसे वाटत असेल. डॉक्टर मित्राने तिला तपासले, हाडांची घनता मोजायला शहरात पाठविले, आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्व सुरू केले. स्तनाचा कॅन्सर वगैरे हरकत नसेल तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन बाहेरून द्यावे, अशी वैद्यकाची रीत आहे. तिच्या बाबतीत ती आठ वर्षे कोणी पाळलीच नव्हती. गोळ्या सुरू झाल्यावर रात्रीच्या वाफा थांबल्या आणि झोप लागू लागली, असे तिने स्वतः सांगितले. मनगट मात्र वाकडेच राहिले. उचलीचा हिशेब आम्ही मुकादमाबरोबर बसून लावला, खाड्यांची काही रक्कम सोडवून घेतली, आणि त्या हंगामात ती फडावर गेली नाही.

त्यानंतर आमच्या कचेरीत एक नवी रीत पडली आहे. आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि उचलीचा कागद यांच्याबरोबर बाईला आम्ही विचारतो, पिशवी काढली आहे का, आणि काढली असेल तर डिस्चार्ज कार्ड आणा. ज्यांचे ऑपरेशन अजून व्हायचे आहे त्यांना एका चिठ्ठीवर तीन प्रश्न मराठीत लिहून देतो, ते त्यांनी डॉक्टरांना विचारायचे: ऑपरेशनवाचून दुसरा इलाज करून पाहिला का; अंडाशय ठेवणार की काढणार, आणि काढणार असाल तर का; काढल्यावर हाडांसाठी आणि इस्ट्रोजेनसाठी काय देणार. काही डॉक्टर चिठ्ठी पाहून रागावतात. काहींनी शांतपणे बसवून उत्तरे दिली, आणि दोघींची ऑपरेशने रद्द होऊन त्या औषधानेच बऱ्या झाल्या. कार्डे आम्ही एका फायलीत ठेवतो. बी. एस. ओ. ही अक्षरे दिसली की त्या कार्डाला लाल दोरा बांधतो.